परिवीक्षा अधिकाऱ्याची खुर्ची पोलीस ठाण्यात नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहारात एका निवृत्त पोलीस उपनिरीक्षकांचे पत्र नुकतेच वाचले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : न्यायालये तरुण आरोपींना चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडतात, पण त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या परिवीक्षा (म्हणजे प्रोबेशन) अधिकाऱ्याकडे ना गाडी, ना माणसे. तेव्हा हे काम सरळ पोलीस ठाण्यांकडे द्यावे आणि आठवड्याला हजेरी लावून घ्यावी. दाखला म्हणून त्यांनी अमेरिका दिली आहे. तिथले प्रोबेशनवाले म्हणे कमरेला पिस्तूल लावून पोलिसांबरोबरच फिरतात.

फिरतात, हे खरे आहे. मीही फिरले आहे. मी मूळची मिरजेची. लग्नानंतर कॅलिफोर्नियात गेले आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठच्या एका काउंटीत डेप्युटी प्रोबेशन ऑफिसर म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. पिस्तूल मला नव्हते, ते ठरावीक पथकांनाच मिळे. पण गोळी अडवणारे जड जाकीट अंगावर चढवून पहाटे पहाटे लोकांची दारे मी ठोठावली आहेत. गाडी नाही, माणसे नाहीत, ही त्या गृहस्थांची तक्रार अगदी रास्त आहे. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र आमच्याकडे निम्मा करून झाला आहे, आणि त्याचे काय झाले ते मी जवळून पाहिले आहे.

आधी तिथली रचना सांगते, कारण इथे बसून ती सगळी एकच पोलीस वाटते. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. कॅलिफोर्नियात अशा 58 काउंट्या आहेत. काउंटीचा शेरीफ, म्हणजे काउंटीच्या पोलिसांचा प्रमुख, लोकांच्या मतांनी निवडून येतो, आणि काउंटीचे जेल बहुतेक ठिकाणी त्याच्याच ताब्यात असते. प्रत्येक मोठ्या शहराचे पोलीस दल वेगळे, त्याचा प्रमुख शहराने नेमलेला. हमरस्त्यांवर राज्याची गस्त निराळी. या सगळ्यांच्या बाजूला प्रोबेशन खाते. त्याच्या प्रमुखाची नेमणूक बऱ्याच काउंट्यांत न्यायाधीश करतात. आमचा पगार काउंटीकडून येई, पण कागद जाई न्यायाधीशांच्या टेबलावर. शिक्षेआधीचा अहवाल आम्ही लिहायचा, देखरेख आम्ही करायची, अट मोडली तर न्यायालयाला आम्ही कळवायचे. कायद्याने आम्हीही शांतता अधिकारी, म्हणजे वॉरंटशिवाय अटक करू शकणारे. पण नेमून दिलेले काम गुन्हा उकलण्याचे नव्हे, गुन्हा करून बसलेल्या माणसाला पुढच्या दोनेक वर्षांत मार्गी लावण्याचे.

ही कल्पना मुळात सरकारचीही नव्हती. बोस्टनमधल्या जॉन ऑगस्टस नावाच्या जोडे बनवणाऱ्या कारागिराने 1841 मध्ये न्यायालयात उभ्या असलेल्या एका दारुड्याला स्वतः जामीन राहून सोडवले. मग पुढची अठरा वर्षे तो हेच करत राहिला, आणि जवळजवळ दोन हजार माणसांना त्याने असे बाहेर काढले. त्याचा सर्वांत जास्त राग कोणाला यायचा? न्यायालयातल्या आणि तुरुंगातल्या अंमलदारांना. माणूस तुरुंगात पोचवला की त्यांना फी मिळे, आणि हा मोची त्यांचे गिऱ्हाईक पळवत होता. पैसा कुठून येतो त्यावर खाते कसे वागते हे ठरते, हे माझ्या नोकरीतही मला दिसले. 2009 मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की ज्या काउंटीचे प्रोबेशनवरचे कमी लोक राज्याच्या तुरुंगात जातील, तिला वाचलेल्या खर्चातला हिस्सा मिळेल. त्यानंतर साध्या चुकीवरून माणसाला आत पाठवण्याआधी वरिष्ठ आम्हाला दहा प्रश्न विचारू लागले. आधी असे कोणी विचारत नसे.

आता पिस्तुलांकडे येते. राज्याचे तुरुंग इतके भरले होते की मे 2011 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांची संख्या तुरुंगांच्या क्षमतेच्या 137.5 टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचा आदेश कायम केला. कैद्यांना वैद्यकीय आणि मानसिक उपचार नीट मिळत नाहीत, हे त्या खटल्याचे मूळ. राज्याने तोड काढली ती 1 ऑक्टोबर 2011 पासून लागू झाली. तुरुंगातून सुटणारे जे लोक आधी राज्याच्या पॅरोल खात्याकडे जात, त्यांतले गंभीर किंवा हिंसक गुन्ह्यासाठी आत नसलेले लोक आता काउंटीच्या प्रोबेशनकडे आले. त्यात मेख अशी की बघायचा तो शेवटचा गुन्हा. आधीच्या आयुष्यात काय काय झाले ते त्या हिशेबात नाही. त्यामुळे एरवी गाड्या फोडणारी आणि अमली पदार्थांत अडकलेली पोरे सांभाळणाऱ्या खात्यासमोर अचानक अनेक वर्षे आत काढलेली माणसे येऊन बसली. अनेक काउंट्यांत शस्त्रे आली, पथके आली, पोलिसांबरोबरचे एकत्र छापे वाढले. शिवाय या नव्या गटातल्या माणसाने अट मोडली तर न्यायालयात न नेता त्याला दहा दिवसांपर्यंत जेलमध्ये ठेवण्याचा अधिकार खात्याला मिळाला.

पैसाही आला, आणि तो कसा वाटायचा हे ठरवायला प्रत्येक काउंटीत समिती. अध्यक्ष प्रोबेशनचा प्रमुख. बरोबर शेरीफ, एका शहराचा पोलीस प्रमुख, सरकारी वकील, गरिबांची बाजू मांडणारा पब्लिक डिफेंडर, न्यायालयाचा प्रतिनिधी, आणि आरोग्य किंवा समाजकल्याण खात्याचे कोणीतरी. या बैठका सगळ्यांना खुल्या असत. मी मागच्या रांगेत बसून काही ऐकल्या आहेत. जेलमधल्या खाटा वाढवायच्या की व्यसनमुक्तीच्या, यावर तासन् तास वाद. आमचे साहेब मधे बसलेले. कोणत्या बाजूला कलायचे हे साहेबांच्या स्वभावावर जाई, आणि साहेब बदलले की दिशा बदले.

पण पत्रलेखकांना मला खरे सांगायचे आहे ते झडतीच्या अटीबद्दल. प्रोबेशन मिळताना माणूस एका कागदावर सही करतो. त्यात बहुधा अशी अट असते की त्याची, त्याच्या घराची, गाडीची झडती कधीही, वॉरंट असो वा नसो, कोणताही प्रोबेशन अधिकारी किंवा कोणताही पोलीस घेऊ शकेल. तुरुंगात जायचे की सही करायची असे विचारल्यावर कोण नाही म्हणेल? नापा काउंटीतल्या अशाच एका माणसाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्याला प्रोबेशन होते अमली पदार्थांच्या किरकोळ गुन्ह्यात. शेरीफच्या माणसाने त्याचे घर झडले ते वीज कंपनीच्या मालमत्तेची मोडतोड केल्याच्या संशयावरून. 2001 च्या डिसेंबरात न्यायालयाने एकमताने सांगितले की अशी अट असेल तर सबळ कारण लागत नाही, वाजवी संशय पुरे. राज्याची न्यायालये तर आणखी पुढे गेली आहेत; झडती मनमानी किंवा छळासाठी नसली म्हणजे झाले.

मात्र झडती घेण्याआधी ती अट पोलिसाला माहीत असली पाहिजे. म्हणून रस्त्यात गाडी थांबवली की पोलिसाचा पहिला-दुसरा प्रश्न असतो, 'प्रोबेशनवर आहेस का? पॅरोलवर?' आणि रेडिओवर तो नियंत्रण कक्षाला विचारतो, सर्चेबल आहे का, म्हणजे झडतीची अट लागू आहे का. हा शब्द मी वर्षानुवर्षे ऐकला. माझ्या यादीतली जी माणसे मला नावाने, त्यांच्या आईच्या दुखण्याने, नोकरीच्या पाळीने माहीत होती, ती रेडिओवर सर्चेबल किंवा नॉन-सर्चेबल.

माझ्याकडे एक पोरगा होता. गाड्यांच्या काचा फोडून चोरी, मुळाशी मेथ या अमली पदार्थाचे व्यसन. राहायचा आजीकडे. आजी मेक्सिकोहून आलेली, लोकांच्या घरी साफसफाई करून घर चालवणारी. पोरगा पंधरवड्याला माझ्यासमोर येऊन बसे. एकदा लघवीच्या तपासणीचा प्लास्टिकचा पेला मी त्याच्या हातात द्यायच्या आधीच म्हणाला, 'तपासू नका, मी शनिवारी घेतलं.' या खुर्चीवर बसून यापेक्षा मोठी गोष्ट ऐकायला मिळत नाही. अहवालात मी ते लिहिले, लपवले नाही, पण त्याला आत पाठवायची मागणी न करता व्यसनमुक्ती केंद्रात जागा मागितली, आणि न्यायाधीशांनी ती दिली. चार महिने नीट गेले.

मग शेजारच्या एका शहराचे पोलीस त्याच्या चुलतभावाच्या मागावर होते. भाऊ अधूनमधून आजीकडे झोपायला येतो असे त्यांना कळले. भावाविरुद्ध वॉरंट मिळवण्याइतके काही हातात नव्हते, पण त्या पत्त्यावर प्रोबेशनवाला राहतो, आणि तो सर्चेबल. मग वॉरंट कशाला? पहाटे पाचाला सहा पोलीस आले. भाऊ नव्हताच. पोराकडे काही सापडले नाही. आजीला झोपेच्या कपड्यांत बाहेर पायरीवर बसवले. तिची खोलीही उघडून पाहिली. वास्तविक जी जागा प्रोबेशनवाल्याच्या वापरात नाही तिथे ती अट चालत नाही. पण पहाटे पाचाला पायरीवर बसलेल्या म्हातारीने हा मुद्दा कोणापुढे मांडायचा?

मला हे कळले ते पोराकडूनच. मला आधी कळवणे पोलिसांवर बंधनकारक नव्हते. पुढच्या भेटीला तो आला, खुर्चीच्या कडेला बसला आणि म्हणाला, 'तुम्ही पाठवलंत त्यांना.' नाही म्हणून सांगितले. त्याने मान डोलावली. पटले नव्हते हे दिसतच होते. ज्या कागदाच्या जोरावर ते आले त्यावर माझ्या खात्याचा शिक्का होता, मग मी पाठवले काय आणि न पाठवले काय. त्यानंतर तो फक्त हो आणि नाही एवढेच बोले. मग भेटी चुकल्या, वॉरंट निघाले, आणि शेवटी प्रोबेशन रद्द होऊन तो जेलमध्ये गेला. पोलिसांच्या दप्तरी ती पहाट म्हणजे 'काही मिळाले नाही' अशी एक ओळ असेल.

यावर कोणी म्हणेल, बाई पोलिसांवर रागावलेल्या आहेत. तसे नाही. माझे दुसरे काम कौटुंबिक हिंसेच्या प्रकरणांचे होते, आणि तिथे पोलीस नसते तर मी काहीही करू शकले नसते. आपल्या लोकांच्या केसही तिथेच येत. चांगल्या पगाराचा, शिकलेला मुलगा. रात्री भांडण, हात उगारला, शेजाऱ्याने 911 ला, म्हणजे तिथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन केला. सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात त्याचे आईवडील, नुकतेच व्हिजिटर व्हिसावर आलेले. आई माझा हात धरून म्हणायची, 'ताई, तुम्ही आपल्यातल्याच ना? साहेबांना सांगून मिटवून टाका.' तिथे मिटवून टाकण्याची सोय नाही. तक्रार मागे घेतो असे बायको म्हणाली तरी खटला राज्याचा असतो, सरकारी वकील तो चालवू शकतो. दोषी ठरून प्रोबेशन मिळाले तर किमान तीन वर्षे, आठवड्याला एक असे 52 वर्ग, आणि बायकोजवळ न फिरकण्याचा किंवा तिला त्रास न देण्याचा न्यायालयाचा आदेश. परदेशी नागरिकाला तर घरी पाठवले जाण्याचे भय वरती टांगलेले. 2010 पासून हे परिणाम अशिलाला सांगणे वकिलाचे कर्तव्य ठरले, पण व्हरांड्यातल्या आईवडिलांना ते कोणीच सांगितलेले नसते. मी सांगितले की माझ्याकडे अशा नजरेने बघत की कायदा मीच केला.

अशाच एका घरातली सून पोलिसांना फोन करायला घाबरायची. पोलीस म्हणजे नवऱ्याला अटक, म्हणजे नोकरी आणि व्हिसा दोन्ही गेले, एवढेच तिला दिसायचे. पण मला फोन करायची. एके दिवशी म्हणाली, काल रात्री तो इमारतीखाली गाडीत बसून होता, वर आला नाही. आता हे कळल्यावर गप्प बसणे माझ्या हातात नव्हते, तसे तिला मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते. त्या शहराच्या पोलिसांत एक सार्जंट बाई होत्या. त्यांना फोन केला, त्यांनी आठवडाभर रात्रीच्या गस्तीची गाडी त्या रस्त्यावरून फिरवली. नवऱ्याला मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावले आणि प्रकरण न्यायाधीशांपुढे ठेवले. त्याला समज मिळाली, अटी कडक झाल्या, गाडी पुन्हा दिसली नाही. सुनेने मला फोन केला, कारण मी पोलीस नव्हते. आणि मी काही करू शकले, कारण पोलीस एका फोनवर होते. ही दोन माणसे एकाच ठाण्यात, एकाच साहेबाच्या हाताखाली असती तर पहिला फोनच आला नसता.

आता आपल्याकडचे. 1958 चा परिवीक्षा कायदा मी इथे मुक्कामाला आल्यावर पुन्हा नीट वाचला, आणि आमच्यापेक्षा त्यात एक-दोन गोष्टी फार शहाणपणाच्या आहेत. कलम 7 पहा. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल गोपनीय. न्यायालयाला वाटले तर त्यातला सारांश आरोपीला कळवता येतो. कॅलिफोर्नियात मी लिहिलेला शिक्षेआधीचा अहवाल निकालानंतर 60 दिवस कोणीही क्लार्ककडे जाऊन वाचू शकत असे. वडील मारायचे, बहिणीला कोणीतरी छळले, हे सगळे. लोकांना ते ठाऊक झाले होते, म्हणून घरातल्या गोष्टी सांगताना ते आखडते घेत. आपल्या कायद्याने ती अडचण 1958 मध्येच दूर केली आहे. तोच अधिकारी ठाण्यात बसला तर ती गोपनीयता किती दिवस टिकेल? ठाण्यात कागद कपाटात असतो आणि त्यातला मजकूर चहाच्या टपरीवर, हे मी पोलिसाच्या घरात वाढले म्हणून सांगू शकते. माझे वडील हवालदार होते.

कलम 14 तर म्हणते की परिवीक्षाधीन माणसाला गरज असेल तर योग्य काम मिळवून देण्याचाही प्रयत्न अधिकाऱ्याने करायचा. मिरजेच्या स्टेशन रोडवरच्या गॅरेजात एखाद्या पोराला चिकटवून द्यायला खाकी गणवेशातला हवालदार गेला, तर मिस्त्री काय म्हणेल ते पत्रलेखकांनी स्वतः कल्पून पाहावे. (त्याच कायद्यात बंधपत्राची अट पहिल्यांदा मोडल्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड आहे. 1958 चे पन्नास. तेवढे मात्र बदलायला हवे.) अल्पवयीनांच्या 2015 च्या कायद्यातही क्रम असाच आहे. मूल ताब्यात घेतले की पोलिसांनी परिवीक्षा अधिकाऱ्याला कळवायचे, आणि त्याने दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल बाल न्याय मंडळाला द्यायचा. पोलिसांनी कळवायचे, दुसऱ्याने तपासायचे. ही फारकत मुद्दाम केलेली आहे.

आणि हजेरी? पारध्यांना, इतर जमातींना हजेरी काय असते ते विचारा. 1871 पासूनच्या इंग्रजांच्या कायद्यांनी ज्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवले, त्यांची हजेरी 31 ऑगस्ट 1952 ला कागदोपत्री संपली. त्यांच्या आजच्या पिढीतल्या पोराला दर सोमवारी ठाण्यात सही करायला लावा, म्हणजे हद्दीत मोटरसायकल चोरीला गेल्यावर पहिली जीप कुणाच्या पालाकडे जाईल हे सांगायला नको. सहीवरून माणूस गावात आहे एवढे कळते. त्याने दारू सोडली का, घरी कोण आजारी आहे, काम का सुटले, हे सहीवरून कळत नाही.

गाडी नाही ही खरी अडचण आहे, तर गाडी द्यावी. एकेका अधिकाऱ्याच्या माथ्यावर इतकी इतर कामे असतील की घरभेटीला वेळच उरत नसेल, तर ती कामे काढून घ्यावीत. आणि पोलिसांशी संबंध हवाच, पण तो लेखी हवा : परिवीक्षाधीन माणसाच्या घरी दुसऱ्याच कोणाच्या शोधात जायचे असेल तर शक्य तिथे आधी त्याच्या अधिकाऱ्याला फोन. त्या पोराच्या प्रकरणानंतर आमच्या सुपरवायझरने शेजारच्या शहराच्या लेफ्टनंटबरोबर बसून असाच साधा एक पानाचा करार केला होता. कायदा बदलला नाही, पण फोन येऊ लागले. काही वेळा मीच सांगत असे की थांबा, दहा वाजता तो माझ्याकडे येतोय, इथेच भेटा.

पहिल्या भेटीत विचारायच्या प्रश्नांचे, घरभेटीच्या नोंदीचे आणि त्या कराराच्या नमुन्याचे कोरे कागद माझ्याकडे आहेत. इंग्रजीत आहेत, पण मराठी करून देईन. पत्रलेखकांना किंवा जिल्ह्यातल्या कोणा परिवीक्षा अधिकाऱ्याला हवे असतील तर आपल्यामार्फत कळवावे. मार्चअखेरपर्यंत मी मिरजेतच आहे.

आपली,
एक निवृत्त डेप्युटी प्रोबेशन ऑफिसर
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, कृपया छापू नये.)